टाकांमधला पोलिश वीर

सदानंद इंगवले कुठल्याही पदकाला खोटं म्हणत नसे. समोरच्यानं डबी उघडून पदक टेबलावर ठेवलं, की तो आधी चहा मागवायचा, मग पदकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचा, आणि काही गडबड लागली तर मान हलवून म्हणायचा, "हे अजून लहान आहे." लहान म्हणजे वयानं. १९२० सालचं म्हणून गळ्यात मारलेलं पदक गेल्याच वर्षी कुठल्यातरी कारखान्यातून बाहेर पडलेलं असलं, की ते लहान. आणणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं, पण निदान आपण फसलो हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागत नसे.

"तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं," त्याची बायको मृणालिनी म्हणायची. "वाईट बातमी ऐकायला माणसं रांग लावून आली असती."

डॉक्टर तो नव्हता. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होता. इमारतीला सिमेंट किती, सळई किती, काच किती, हे काढून देणारा. कोल्हापूरहून नव्वदच्या दशकात आला, अल कुसैसला दोन खोल्यांत संसार मांडला, मुलगी आभा इथलीच. ऑफिसातली माणसं क्रिकेट बघायची, हा पदकं बघायचा. तीही फक्त पोलंडची. कुणी ब्रिटिश किंवा रशियन आणलं तर "मला त्यातलं काही कळत नाही" म्हणून सरळ हात जोडायचा.

पोलंडची पदकं आखातात कुठून आली, असं नवीन माणसाला वाटायचं. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटलेली पोलिश फौज इराणातून खाली उतरली होती. उतरताना कुणी आजारी पडलं, कुणी उपाशी होतं, कुणी तिथेच गेलं. त्यांच्या खिशातल्या वस्तू बाजारात राहिल्या, आणि पुढे जुन्या सामानाच्या खोक्यांतून खाडी ओलांडून दुबई-शारजाला येत राहिल्या. त्यांच्या गर्दीत ही 'लहान' पदकंही शिरायची.

तपासायची त्याची रीत ठरलेली होती. आधी नख. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला एक बारीक शिवण राहते. कानशीनं घासली तरी नखाला ती लागते. मग वजन, मृणालिनीच्या केकच्या काट्यावर, काटा पुसून परत जागेवर ठेवायचा या अटीवर. मग भिंग. ठशानं ठोकलेली अक्षरं ताठ उभी असतात. ओतलेली जरा सुजल्यासारखी दिसतात, आणि त्यांच्या आजूबाजूला इडलीला पडतात तसली भोकं. मग गरुड. महायुद्धाआधी पोलंडच्या गरुडाच्या डोक्यावर मुकुट होता, नंतरच्या कम्युनिस्ट राजवटीनं तो उतरवला. १९२० च्या पदकावर बोडका गरुड दिसला की पुढे बघायचं कारणच उरत नाही. सगळ्यांत शेवटी फीत. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली जुनी रेशमी फीत गप्प पडून राहते, नवी नायलॉनची दात काढल्यासारखी चमकते.

"बाबा, यू आर लाइक एअरपोर्ट सिक्युरिटी," आभा म्हणायची. तिनं लहानपणापासून हे पाहिलेलं.

पण हे सगळं तो ज्याच्यासाठी शिकला, ते पदक त्याच्या टेबलावर नव्हतं. ते कोल्हापूरजवळ रुकडीला, घरच्या देवघरात होतं.

रुकडीजवळ वळिवडे. तिथे १९४३ पासून पाचेक वर्षं पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष लढाईवर, नाही तर गेलेले. सदानंदचे वडील आप्पा तेव्हा विशीतले. वसाहतीच्या फाटकाशी त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चरं काढता काढता 'जेन डोब्री' म्हणजे नमस्कार आणि 'जेंकुये' म्हणजे आभारी आहे, एवढं पोलिश ते शिकले आणि जन्मभर वापरत राहिले. बँकेतला कारकूनही त्यातून सुटला नाही.

वसाहत उठायच्या सुमारास एक बाई दुकानावर आली. तिचं नाव वांडा. आडनाव तिनं सांगितलंही असेल, पण ते आप्पांच्या जिभेवर टिकणारं नव्हतं. घरात ती वंदाबाई झाली, आणि आईच्या तोंडी पुढे वंदनाबाई. तिनं रुमालात गुंडाळलेला चांदीचा क्रॉस आप्पांच्या हातात ठेवला. नवऱ्याचा. तो रशियातच वारला होता. ती मायदेशी परत निघाली होती, आणि तिथल्या नव्या सरकारच्या काळात जुन्या फौजेतल्या अधिकाऱ्याचं पदक घरात सापडणं बरं नव्हतं. "रखो, आएगा," ती म्हणाली. कोण येणार, कधी येणार, हे सांगण्याइतकी हिंदी तिच्याकडे नव्हती. कुणी आलं नाही.

आप्पा सातवीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षरं त्यांना लावता यायची. क्रॉसच्या एका भुजेवर त्यांनी लावली: व्ही, आय, आर. वीर.

इंगवल्यांच्या देवघरात खंडोबा आणि भवानीच्या टाकांशेजारी वीराचा एक टाक होताच; लढाईत पडलेला कुणी पूर्वज, चांदीच्या पत्र्यावर घोड्यासकट उठवलेला. आता वंदाबाईचा नवरा लढाईतला, तोही गेलेला, आणि त्याच्या क्रॉसवर त्याच्या लोकांनी चक्क वीर लिहिलेलं. आप्पांना आणखी विचार करायची गरज वाटली नाही. परक्याचा असला म्हणून वीर काय ट्रंकेत कोंडून ठेवायचा? त्यांनी तो टाकांच्या ओळीत बसवला. त्यालाही हळदकुंकू, फूल, दसऱ्याला झेंडू, होळीला पुरणाचा नैवेद्य. पोळी आवडत असंल का त्याला, असं आई एकदा म्हणाली होती, पण वाढायची थांबली नाही.

ती अक्षरं म्हणजे 'व्हिर्तुती मिलितारी' या लॅटिन शब्दांचा चार भुजांवर वाटून टाकलेला पहिला तुकडा, आणि तो पोलंडचा सगळ्यांत मोठा लष्करी मान, हे सदानंदला दुबईत आल्यावर कळलं. तोवर आप्पा गेले होते. जाताना शेताचं, घराचं, कशाचंच बोलले नाहीत. "ठेव हाय ती, सदा," एवढंच म्हणाले. "ज्याची त्याला पोचीव."

पोचवायची तर कुणाची ते कळायला हवं. पुस्तकं मागवून, इंटरनेटवर पोलिश माणसांना नमस्कार-चमत्कार करून त्यानं शोधलं. महायुद्धाआधीच्या या क्रॉसच्या पाठीवर, खालच्या भुजेवर, क्रमांक ठोकलेला असतो, आणि क्रमांकापुढे माणसाचं नाव अशा याद्या छापलेल्या आहेत. नंबर मिळाला की नाव, नाव मिळालं की घर. सोपं होतं. २००७ च्या मे महिन्यात सुट्टीवर गेल्यावर अंघोळ करून तो देवघरासमोर बसला आणि त्यानं वीर उचलून उलटा केला.

याआधी त्यानं तो उलटा केला होता तेव्हा तो शाळेत होता, आणि तेव्हा तो बघत नव्हता, घासत होता.

टाक घासणं हे घरात त्याचं काम असायचं. सण आला की चिंचेचं पाणी आणि विटकरीची पूड घेऊन मोरीत बसायचं. देव लख्ख झाले की आप्पा पाठीवर थाप मारायचे. बाकीचे टाक कंटाळवाणे, हा क्रॉस त्याचा आवडता. म्हणून तो शेवटी आणि सगळ्यांत जास्त घासायचा. पुढची अक्षरं आणि टोकांवरचे गोळे बोटांना टोचायचे. पाठ सपाट, अंगठा सुखानं फिरायचा. त्याच्याआधी आत्यानं घासला, त्याच्यानंतर वहिनीनं. घरातल्या भवानीला नाक उरलेलं नव्हतं, खंडोबाचा घोडा कुत्र्यासारखा दिसायला लागला होता, तसाच या वीराचा नंबर गेला होता. खालच्या भुजेवर, अगदी शेवटी, एक तिरकी रेघ. सातची असेल, चारची असेल, एकचीही असेल.

"बघ, कसा आरशागत ठिवलाय," आई मागून कौतुकानं म्हणाली.

"व्हय," सदानंद म्हणाला. दुसरं काय बोलणार.

आईला विचारून तो क्रॉस त्यानं दुबईला आणला. बाकी सगळ्या परीक्षांत तो उतरला. कडेला शिवण नव्हती, वजन बरोबर, अक्षरं ताठ, गरुडाच्या डोक्यावर मुकुट. खरा होता, विसाच्या दशकातला होता. फक्त कुणाचा, एवढंच तो सांगत नव्हता.

ऑफिसात मारेक नावाचा प्लॅनिंग इंजिनिअर होता, क्राकोचा. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये सदानंदनं त्याला 'जेन डोब्री' म्हटलं होतं, आणि मारेक दोन मजले नुसता बघत राहिला होता. वळिवड्याला लहानपण गेलेल्या माणसांची पोलंडमध्ये एक मंडळी आहे, हे त्यानंच शोधलं. क्रॉसचा फोटो, सायकलचं दुकान, वांडा हे नाव, असं सगळं त्यानं तिथे कळवलं. महिने गेले. कुणी विचारलं नाही.

मग २००८ ची दिवाळी आली आणि तिच्यामागून मंदीचं ते सगळं. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकेक करून थांबल्या, आणि थांबलेल्या क्रेन इतक्या उंच असतात हे पहिल्यांदा लक्षात आलं. ऑफिसात सकाळी एखाद्याला एचआरमध्ये बोलवायचे, दुपारी त्याच्या टेबलावर फक्त मॉनिटर उरायचा. सदानंद ज्या टॉवरची काच मोजत होता, तो टॉवरच कागदावरून गेला. जानेवारीत त्याचं पत्र आलं. व्हिसा रद्द, महिनाभरात देश सोडायचा. आभाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये. तेवढ्यापुरती ती मैत्रिणीकडे राहणार होती. मृणालिनीनं सामानाचे खोके आणले. रडणं-बिडणं तिनं बाथरूममध्ये उरकलं असावं, बाहेर तिनं फक्त विचारलं, "कुकर न्यायचा का तिथे नवा घ्यायचा?"

मारेकलाही पत्र मिळालं होतं. त्याच आठवड्यात तो सदानंदच्या रिकाम्या टेबलापाशी आला.

"एक बाई आहे," तो म्हणाला. "बार्बारा. आई वांडा. लहानपणी तुमच्या त्या कॅम्पमध्ये होती. वडिलांना वीस साली हा क्रॉस मिळाला होता. चाळीस साली रशियनांनी नेलं, नंतर पत्ता नाही. कबर नाही, काही नाही. यादीत मी त्यांचा नंबर बघितला."

"आणि?"

"शेवटचा आकडा सात."

सदानंद खुर्चीवर बसला. ती खुर्चीही आता त्याची नव्हती.

"तू जातोयस हे तिला कळलं. तिकीट काढलं तिनं. वय सत्तरच्या पुढे. मी तिला यायला सांगितलं नव्हतं, शपथ. अजून एक. त्या कॅम्पमध्ये वांडा नावाच्या बायका ढिगानं होत्या. नवऱ्याचा क्रॉस घेऊन आलेल्याही एकापेक्षा जास्त."

बाई यायच्या आत शेवटचा उपाय म्हणून सदानंद शारजाच्या रोल्ला बाजारात गेला. तिथे तय्यब नावाचा नक्षीकाम करणारा होता. ट्रॉफ्यांवर नावं कोरायचा, लॉकेटवर कुराणातली आयत लिहायचा. कधीमधी त्याच्याच दुकानातून सदानंदकडे 'लहान' पदकं यायची, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

ठोकलेल्या आकड्याखाली चांदी दबलेली असते. वरचा आकडा झिजला तरी तेजाबाचा थेंब टाकला तर कधी कधी खालची सावली वर येते. तय्यबनं काडीनं एक थेंब सोडला. दोघं भिंगाखाली बघत बसले. बाहेर कुणीतरी "यल्ला, यल्ला" करून गाडी काढायला लावत होतं. चांदीवर एक मळकट डाग आला, आणि डागाशिवाय काही आलं नाही.

"नीचे भी कुछ नहीं बचा, भाईसाहब. इतना कौन घिसता है?"

"हम," सदानंद म्हणाला. "पूजा में."

तय्यबनं भिंग खाली ठेवलं. "माशाल्ला," तो म्हणाला. त्यात थट्टा नव्हती. मग खण ओढून त्यानं आकड्यांचे पोलादी ठसे काढले, जुने, कडा बोथट झालेले. "नंबर बोलिए. डाल देता हूँ. चाय का पानी, थोड़ा धुआँ, थोड़ी घिसाई. आपकी आँख के सिवा दुबई में कोई नहीं पकड़ेगा."

सातचा ठसा वरच होता. सदानंद त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग क्रॉस उचलून रुमालात बांधला.

"मेरी आँख तो है ना," तो म्हणाला.

घरी मृणालिनीनं विचारलं, "टॅक्सीनं आलात? तीस दिरहम. चारशे रुपये." आणि त्याचा चेहरा बघून चहा ठेवायला आत गेली.

बार्बाराबाई शुक्रवारी सकाळी आल्या, मारेकच्या हाताला धरून. उंच, पाठ ताठ, केस पांढरे कापलेले, पायात जाड मोजे आणि सँडल. दाराशी त्यांनी सँडल काढायला बघितलं. मारेक नको म्हणाला, पण त्यांनी काढलेच. खोक्यांच्या मधून वाट काढत येऊन बसल्या. मृणालिनीनं पाणी दिलं तेव्हा पेल्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, "पाणी." मग थोडं थांबून, "थंडा पाणी." एवढंच उरलं होतं त्यांच्याकडे, ते त्यांनी आल्या आल्या देऊन टाकलं.

सदानंदनं टेबलावर पांढरा पंचा पसरला आणि क्रॉस त्यावर ठेवला.

बाईंनी तो लगेच उचलला नाही. चष्मा बदलला. मग हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि पोलिशमध्ये काहीतरी म्हणाल्या. सदानंदनं मारेककडे बघितलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, आमचा काळा होता."

सदानंदला क्षणभर कळलं नाही. मग सगळंच कळलं. सैबेरियात, आगगाडीत, इराणात तो कोटाच्या अस्तरात शिवलेला असणार. चांदी काळी पडलेलीच असणार. मुलीनं पाहिलेला तो काळा. हा आरशासारखा. नंबर तर गेलाच होता, आता त्याचं रूपही घासून गेलेलं निघालं.

"चांदी घासली की उजळते," तो इंग्रजीत म्हणाला. "काळा होता म्हणजे हा नव्हे, असं नाही. तोही असू शकेल."

"असू शकेल," बाई इंग्रजीतच म्हणाल्या. "आई सायकलवाल्याबद्दल काही बोलली नव्हती. आई कशाबद्दलच बोलायची नाही. फक्त म्हणाली होती, इंडियात एका चांगल्या माणसाकडे आहे. चांगली माणसं तिथे बरीच होती."

त्यांनी तिरक्या रेघेवर बोट ठेवलं. "हा सात?"

सदानंदकडे चौघंही बघत होते. मारेक, मृणालिनी, स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी आभा, आणि त्या. त्याच्या एका शब्दावर माणसं पदकं घ्यायची आणि परत करायची. त्यानं भिंग उचललं. उगाच. त्या रेघेला तो पावणेदोन वर्षं ओळखत होता.

"सात असेल. चारही असू शकतो. एकसुद्धा."

मारेक उठला. त्याला खुणेनं बाल्कनीत घेऊन गेला आणि दार लोटून घेतलं.

"हो म्हण," तो म्हणाला. "कुणाचं काय जातंय? म्हातारी आहे. चार हजार किलोमीटर आलीय. तू पण चाललास, मी पण चाललो, खलास. हो म्हण आणि संपव."

"आणि दुसरी कुणी असली तर? तिची वांडा, तिचे वडील?"

"तिनं तिकीट नाही काढलं."

सदानंदनं कठडा धरला. खाली कुणी तरी सोफा विकायला काढला होता, त्यावर पुठ्ठा लावला होता. खोट्याला खोटं म्हणायचं त्यानं आयुष्यभर टाळलं होतं. पण जे माहीत नाही त्याला खरं म्हणणं, हे त्याहून वेगळं होतं, आणि कसं वेगळं ते मारेकला समजावता येत नव्हतं. स्वतःलाही आज नीट समजावता येत नव्हतं.

आत बार्बाराबाई मृणालिनीला विचारत होत्या, हा इतका का घासला. सदानंद दार सरकवून आला तेव्हा मृणालिनी तिच्या कॉलेजच्या इंग्रजीत सावकाश सांगत होती. देवघर, टाक, पूर्वज. सणाला फुलं, दिवा, गोड जेवण. जे लढाईत गेले त्यांच्यासाठी.

"दर वर्षी?" बाईंनी विचारलं.

"वर्षातून बऱ्याच वेळा."

"साठ वर्षं."

"हो. सासरे म्हणायचे, हा वीर आहे. त्यावर तसं लिहिलंय." मृणालिनीनं भुजेवरची ती अक्षरं दाखवली. "आमच्यात वीर म्हणजे शूर माणूस."

बाई त्या तीन अक्षरांकडे बघत राहिल्या. "लॅटिनमध्ये व्हिर म्हणजे नुसता माणूस," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्या वडिलांना फुलं मिळाली."

सदानंदला बोलावं लागलं. "कुणाच्या तरी वडिलांना मिळाली," तो म्हणाला, आणि हे वाक्य इंग्रजीत इतकं रुक्ष वाजलं की मृणालिनीनं मान खाली घातली.

"बाबा," आभा दारातून म्हणाली, "जस्ट से येस. प्लीज."

"गप्प बस, आभा."

बार्बाराबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चहा घेतला, दूध घातलेला, गोड; अर्धा प्यायल्या. आपण म्हाताऱ्या झालोय म्हणून लोक आपल्याला हो म्हणतात, असं काहीतरी त्या मारेकला पोलिशमध्ये म्हणाल्या आणि मारेकनं ते सांगताना खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांनी क्रॉस पंच्यावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. घेऊ का, असं त्या विचारत नव्हत्या. नको, असंही म्हणत नव्हत्या. त्यांच्या परतीचं विमान उद्याचं होतं.

सदानंदनं क्रॉसकडे बघितलं. रुकडीला परत नेला तर पुन्हा टाकांच्या ओळीत बसेल, पुन्हा घासला जाईल, आणि पुढच्या पिढीला ती रेघही दिसणार नाही. इथून पोलंडशी जेवढं नातं होतं, तेवढं मारेकबरोबर चाललं होतं. या बाईंना नाही द्यायचा तर कुणाला, आणि दिला तर कुणाचा म्हणून, दोन्ही प्रश्न तसेच समोर बसून होते, आणि दोन्हींना त्यानं शिकलेलं काहीही लागू पडत नव्हतं.

त्यानं पंचा क्रॉसभोवती दुमडला आणि घडी बाईंच्या पुढे सरकवली.

"तुमच्या वडिलांचा आहे असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "म्हणू शकत नाही. आमच्याकडे ठेव होती. आता तुमच्याकडे ठेव. दुसरं कुणी आलं, जास्त काही माहीत असलेलं, तर त्यांना द्या."

'ठेव' हा शब्द तो मराठीतच बोलून गेला होता; त्याचा अर्थ विचारून तो पोलिशमध्ये सांगायला मारेकनं बराच वेळ घेतला. बाईंनी ऐकलं. घडी उचलून त्यांनी पर्समध्ये नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि वरून हात दाबून बघितला.

"मी हा घासणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे काळा पडेल. थोडी वर्षं लागतील ना?"

"लागतील. चार-पाच तरी."

"काळा झाल्यावर कदाचित मला ओळखू येईल."

त्या सत्तरच्या किती पुढे होत्या, हे सगळ्यांना दिसत होतं. त्या निघाल्या तेव्हा सँडलचा पट्टा लावायला आभा खाली वाकली, तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. 'जेंकुये' कोण आधी म्हणालं ते कळलं नाही. सदानंद आणि त्या, दोघंही एकदमच म्हणाले.

दुपारी मृणालिनी देवाचं सामान खोक्यात भरत होती आणि तो खाली बसून दोरी कापत होता, तेव्हा रुकडीहून आईचा फोन आला. वहिनीनं लावून दिलेला. आईला फोनवर ओरडून बोलायची सवय.

"आली हुती का रं वंदनाबाईची ल्येक?"

"आलती."

"दिलास?"

"दिला."

"मग पोचली म्हण की ठेव. ज्याची त्याला पोचली न्हवं?"

सदानंदनं दोरी खाली ठेवली. मृणालिनी हातातली समई तशीच धरून त्याच्याकडे बघत होती. सकाळी बार्बाराबाईंना हो म्हणता आलं नव्हतं, आणि आता नाही म्हणता येत नव्हतं. आप्पांनी हे काम सांगितलं तेव्हा ते अर्धंमुर्धं करता येतं असं बोलले नव्हते.

"पोचली असंल, आई," तो म्हणाला.

"असंल म्हंजे?" आई म्हणाली. "सदा? असंल म्हंजे काय रं?"